दुसऱ्या ग्रंथालयातलं पुस्तक मागवताना

विद्यापीठाच्या ग्रंथालयात आंतरग्रंथालयीन देवघेवीचं टेबल माझ्याकडे आहे. आपल्याकडे नसलेलं पुस्तक, लेख किंवा प्रबंध दुसऱ्या ग्रंथालयाकडून मागवून द्यायचा आणि त्यांना हवं असलेलं आपल्याकडून पाठवायचं, असं हे काम. आम्ही आपसात त्याला 'आयएलएल' म्हणतो. बऱ्याच विद्यार्थ्यांना अशी काही सोय असते हेच ठाऊक नसतं, आणि ज्यांना ठाऊक असतं त्यांच्यातले कितीतरी जण अर्ज असा भरतात की हवी ती वस्तू कुठल्यातरी कपाटात सुखाने बसलेली असूनही हाती लागत नाही. माझ्याकडे मागण्या अडतात त्या पुस्तक दुर्मिळ म्हणून कमी, संदर्भ अर्धवट म्हणून जास्त. त्यामुळे अर्ज कुठे करायचा हे मी थोडक्यात उरकणार आहे, आणि अर्जात काय लिहायचं यावर जरा पाल्हाळ लावणार आहे.

तर कुठे करायचा: ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर 'आंतरग्रंथालयीन देवघेव', 'इंटरलायब्ररी लोन' किंवा 'डॉक्युमेंट डिलिव्हरी' अशा नावाचं पान असतं. तिथे आपल्या सभासद खात्यातून लॉगिन करायचं आणि फॉर्म भरायचा. काही ठिकाणी अजून कागदी फॉर्म आहे, काही ठिकाणी साधा ईमेल चालतो. पान सापडत नसेल तर देवघेवीच्या काउंटरवर विचारा. परस्पर दुसऱ्या ग्रंथालयाला लिहू नका. ते तुम्हाला बहुधा तुमच्याच ग्रंथालयाकडे परत पाठवतील. पुस्तक हरवलं, फाटलं तर भरून देणारी संस्था त्यांना समोर लागते.

काखेत कळसा

आमच्याकडून नाकारल्या जाणाऱ्या मागण्यांत एक मोठा गठ्ठा असतो तो आपल्याच ग्रंथालयात असलेल्या गोष्टींचा. याचं कारण ठरलेलं आहे. विद्यार्थी लेखाचं शीर्षक ग्रंथालयाच्या तालिकेत, म्हणजे कॅटलॉगमध्ये, टाकतो, काहीच येत नाही, आणि तो लगेच आमचा फॉर्म उघडतो. पण साध्या तालिकेत लेखांची नावं नसतातच, नियतकालिकाचं नाव असतं. ते टाकून बघा. संपादित ग्रंथातलं प्रकरण हवं असेल तर प्रकरणाच्या लेखकाचं नाव बाजूला ठेवा आणि ग्रंथाचं नाव व संपादक यांवरून शोधा. नियतकालिक सापडलं म्हणजेही काम झालं असं नाही. कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंतचे खंड आहेत ते त्याच नोंदीत खाली दिलेलं असतं. छापील खंड तळघरात आणि ऑनलाइन वर्गणी पुढच्या वर्षांची, हा नेहमीचा प्रकार. काही डेटाबेसमध्ये तर प्रकाशकाने ताजे अंक सहा महिने, वर्षभर रोखून धरलेले असतात. तेवढ्याच अंकांसाठी आमच्याकडे यावं लागतं.

विभागाची ग्रंथालयं विसरू नका. आणि पुस्तक आपल्याकडे आहे पण कुणीतरी नेलंय, अशी स्थिती असेल तर आधी राखून ठेवण्याची मागणी नोंदवा. बऱ्याच ग्रंथालयांचा नियम असा की स्वतःच्या संग्रहात असलेलं पुस्तक बाहेरून मागवायचं नाही. प्रत हरवलेली असेल किंवा बांधणीला गेली असेल तर मात्र तसं स्पष्ट लिहा. तिथे आम्ही मागवतो.

पाच मिनिटं फुकट मिळतंय का हे बघण्यातही घालवा. लेखाचा डीओआय, म्हणजे १० या आकड्याने सुरू होणारा तो लांबलचक क्रमांक, ब्राउझरमध्ये टाका. ब्राउझरला 'अनपेवॉल' जोडलं की कायदेशीररीत्या खुली प्रत असेल तर ते दाखवून देतं. लेखकाच्या विद्यापीठाच्या ऑनलाइन भांडारात बऱ्याचदा स्वीकृत हस्तलिखित, म्हणजे छपाईला स्वीकारलेला पण अजून पानं न लागलेला मजकूर, ठेवलेलं असतं. ते वाचायला उत्तम, पण छापील लेखाचे पृष्ठांक त्यात नसतात, म्हणून पान उद्धृत करायचं असेल तर छापील प्रतच मागवा. जुन्या, कॉपीराइट संपलेल्या पुस्तकांसाठी 'इंटरनेट आर्काइव्ह' आणि २००८ साली सुरू झालेलं 'हाथीट्रस्ट' ही दोन ठिकाणं पुरतात. हाथीट्रस्टवरची काही पुस्तकं मात्र अमेरिकेबाहेर पूर्ण उघडत नाहीत. प्रबंध असेल तर ज्या विद्यापीठाने पदवी दिली त्याचं भांडार, मग 'प्रोक्वेस्ट', आणि भारतीय विद्यापीठांसाठी 'शोधगंगा'. प्रबंधाची छापील प्रत बहुतेकदा एकुलती एक असते, त्यामुळे ती बाहेर पाठवायला कुणी सहसा तयार होत नाही.

संदर्भाची शहानिशा

इथे थांबून वेळ घालवा, पुढचा सगळा वाचतो.

एक उदाहरण घेऊ. आइन्स्टाइनचा विशेष सापेक्षतेवरचा १९०५ चा लेख 'आनालेन डेर फिजिक' या जर्मन नियतकालिकात आला. पुस्तकांच्या तळटिपांत त्याचा संदर्भ असतो: खंड १७, पाने ८९१ ते ९२१. आता प्रकाशकाच्या संकेतस्थळावर जा, तर तोच लेख, तीच पाने, पण खंड ३२२. दोन्ही बरोबर आहेत. या नियतकालिकाच्या निरनिराळ्या मालिका निघाल्या आणि प्रत्येक मालिकेत खंडांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली. खंड १७ हा चौथ्या मालिकेतला. पुढे सगळ्या मालिकांना मिळून सलग क्रमांक दिले गेले, त्यात तो ३२२ वा ठरला. समजा तुम्ही अर्जात नुसतं 'खंड १७' लिहिलं आणि वर्ष लिहायचं राहिलं. मग पलीकडच्या ग्रंथालयातला माणूस आधीच्या मालिकेचा खंड १७ उघडणार, त्यात पान ८९१ शोधणार, आणि 'संदर्भ चुकीचा' असा शेरा मारून मागणी परत करणार. त्याला दोष देता येत नाही. खंड, वर्ष आणि पाने ही तिन्ही एकत्र असली की एखादा आकडा चुकला तरी उरलेल्या दोनांवरून आम्ही वाट काढतो. एकच आकडा हाताशी असेल तर काही करता येत नाही.

दुसरी कटकट मालिकेच्या अक्षराची. लंडनच्या रॉयल सोसायटीचं 'प्रोसिडिंग्ज' १९०५ पासून ए आणि बी अशा दोन मालिकांत निघतं. ए मध्ये गणित आणि भौतिकशास्त्र, बी मध्ये जीवशास्त्र. तळटिपेत ते अक्षर गाळलेलं असलं की दोन वेगळे खंड समोर उभे राहतात. विषयावरून अंदाज बांधता येतो हे खरं, पण तो अंदाज तुम्ही बांधलेला बरा; लेख तुमच्या विषयातला आहे.

नियतकालिकांची नावं संक्षेपात लिहायची सवय विज्ञानात फार. अर्जात संक्षेप लिहू नका, पूर्ण नाव लिहा. एकाच संक्षेपाची दोन-तीन नियतकालिकं निघू शकतात. पूर्ण नाव सापडत नसेल तर जिथून संदर्भ घेतला त्या पुस्तकाच्या सुरुवातीची संक्षेपसूची बघा. इतिहास आणि भाषांच्या पुस्तकांत ती हमखास असते आणि कुणीही उघडत नाही. नियतकालिकाचा आयएसएसएन मिळाला तर सोन्याहून पिवळं: आठ जागांचा क्रमांक, शेवटी कधी कधी 'एक्स'. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीचे आयएसएसएन वेगळे असतात, यातला कुठलाही चालतो.

पानांच्या आकड्याआधी 'एस' हे अक्षर असेल तर ते टाकू नका. तो लेख पुरवणी अंकातला आहे आणि पुरवणी बऱ्याचदा वेगळी बांधलेली असते. हल्लीच्या कितीतरी नियतकालिकांत पानांचे आकडेच नसतात, त्याऐवजी लेखक्रमांक असतो. तो पृष्ठांकाच्या रकान्यात लिहिला तरी आम्हाला कळतं.

पुस्तकांबाबत आयएसबीएनवर, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या ओळखक्रमांकावर, सगळ्यांचा फार विश्वास. तो क्रमांक पुस्तकाचा नसून त्या विशिष्ट आवृत्तीचा आणि बांधणीचा असतो. कापडी बांधणीचा वेगळा, कागदी बांधणीचा वेगळा, ई-बुकचा आणखी वेगळा. तुम्ही विक्रेत्याच्या पानावरून ई-बुकचा आयएसबीएन उचलून अर्जात टाकला, तर आमच्या शोधात छापील प्रती असलेली ग्रंथालयं दिसतच नाहीत असं होऊ शकतं. १ जानेवारी २००७ पासून हा क्रमांक तेरा आकडी झाला. जुना दहा आकडी क्रमांक असेल तर तो तसाच लिहा. पुढे ९७८ जोडून स्वतः तेरा आकडी करायला जाऊ नका, कारण शेवटचा तपासणीचा आकडाही बदलतो आणि तयार होतो तो क्रमांक कुठल्याच पुस्तकाचा नसतो. १९७० च्या आधीच्या पुस्तकांना आयएसबीएन नसतोच. तिथे लेखक, शीर्षक, प्रकाशक, गाव आणि वर्ष एवढं पुरतं. त्याहून चांगलं म्हणजे 'वर्ल्डकॅट' या अनेक ग्रंथालयांच्या सामाईक ऑनलाइन तालिकेत पुस्तक शोधून त्या नोंदीतला ओसीएलसी क्रमांक (ती तालिका चालवणाऱ्या संस्थेने दिलेला) द्या. अर्जात तो क्रमांक दिसला की आमचं निम्मं काम झालेलं असतं.

परिषदेतल्या निबंधांबद्दल एकच सांगते. निबंध 'वाचला' आणि निबंध 'छापला' यांत फरक आहे. परिषदेचं नाव, स्थळ आणि वर्ष लिहाच, पण कार्यवृत्त कुठल्या ग्रंथमालेत, कुठल्या खंडक्रमांकाने निघालं हेही शोधा. ग्रंथालयात ते बहुतेकदा मालेच्या नावाखाली लागलेलं असतं.

आणि आता नवा ताप: अस्तित्वातच नसलेले संदर्भ. चॅटबॉटला विचारून काढलेल्या याद्या घेऊन लोक येतात. लेखक खरा, नियतकालिक खरं, शीर्षक अगदी त्या लेखकाला शोभेल असं, वर्षही जुळणारं, पण तो लेख कधी लिहिलाच गेलेला नाही. असला संदर्भ शोधण्यात आमचाही वेळ जातो आणि तीन-चार परक्या ग्रंथालयांचाही. तपासायची रीत सोपी आहे. नियतकालिकाच्या संकेतस्थळावर त्या खंडाची अनुक्रमणिका उघडा आणि दिलेल्या पानांवर काय आहे ते बघा. भलताच लेख असेल किंवा तो खंड तेवढ्या पानांचाच नसेल, तर संदर्भ बनावट समजा. डीओआय दिला असेल तर तो उघडून शीर्षक जुळतं का बघा. उघडतोय एवढ्यावर खूश होऊ नका. एकाच्या तळटिपेवरून दुसऱ्याने डोळे झाकून उतरवलेले चुकीचे संदर्भ यंत्रं नव्हती तेव्हाही फिरत होतेच, पण ते निदान कुठल्यातरी खऱ्या लेखाच्या आसपास असायचे.

फॉर्ममध्ये 'संदर्भ कुठे मिळाला' असा एक रकाना असतो. बहुतेक जण तो रिकामा सोडतात. तो भराच. अमुक लेखकाचं अमुक पुस्तक, पान १४३, टीप २७, एवढं लिहिलंत तर गाडी अडली तरी आम्ही मूळ टीप उघडून बघू शकतो.

उरलेले रकाने

'कधीपर्यंत हवं' या रकान्यात खरी तारीख लिहा. घाई दाखवायला 'उद्या' लिहिलंत तर नुकसान तुमचंच. प्रणालीत ती तारीख उलटली की मागणी बंद पडू शकते, आणि पुस्तक वेळेत पोचणार नाही हे दिसल्यावर देणारं ग्रंथालय ते पाठवायचे कष्टच घेत नाही. लेखाचं स्कॅन कधी कधी दुसऱ्याच दिवशी येतं. छापील पुस्तकाला आठवडा-दोन आठवडे धरा, परदेशातून असेल तर त्याहून बरेच जास्त.

कुठलीही आवृत्ती चालेल का, हे लिहा. चालत असेल तर मिळण्याची शक्यता एकदम वाढते. तिसरीच आवृत्ती हवी असेल तर का हवी हेही एका वाक्यात सांगा, म्हणजे आम्ही परस्पर दुसरी स्वीकारणार नाही. अनेक खंडांचा ग्रंथ असेल तर कुठला खंड ते लिहा. 'सगळे' असं लिहिणाऱ्यांना मी फोन करते आणि बहुतेकदा त्यांना एकच हवा असतो.

पूर्ण पुस्तकाऐवजी एखादं प्रकरण पुरणार असेल तर प्रकरणच मागवा. ते स्कॅन होऊन ईमेलवर येतं, परत करायची भानगड नाही, आणि जे पुस्तक ग्रंथालय बाहेर सोडत नाही त्यातलंही प्रकरण बऱ्याचदा मिळून जातं. ई-बुकचंही तसंच. पूर्ण ई-बुक दुसऱ्या ग्रंथालयाला द्यायला प्रकाशकांचे परवाने सहसा आड येतात, प्रकरणाला पुष्कळदा मुभा असते. कुठलं प्रकरण लागेल तेच माहीत नसेल तर आधी अनुक्रमणिका आणि शेवटची सूची मागवा. ही युक्ती मी सगळ्यांना सांगते आणि फार थोडे जण वापरतात. कॉपीराइटमुळे एका पुस्तकातून किंवा अंकातून किती भाग द्यायचा याला मर्यादा असते, तेव्हा पाच प्रकरणांचे पाच वेगळे अर्ज करून पूर्ण पुस्तक गोळा करायचा बेत आखू नका. आमच्या लक्षात येतं.

नकाशे, रंगीत चित्रं, घडीची पानं हवी असतील तर टिपेत लिहा. चित्रपानांना पृष्ठांक नसतात आणि 'पाने ५० ते ७२' असं सांगितलं की स्कॅन करणारा मधली चित्रं खुशाल सोडून पुढे जातो. रंग महत्त्वाचा असेल तर 'रंगीत स्कॅन' हे शब्द लिहा, नाहीतर कृष्णधवल येईल. जुन्या वर्तमानपत्राचं कात्रण हवं असेल तर तारीख, पान आणि कुठल्या शहराची आवृत्ती हे लागतं. ते मायक्रोफिल्मच्या रिळावर येऊ शकतं, तेव्हा वाचनयंत्र आपल्याकडे चालू आहे का हे आधी विचारून ठेवा.

खर्चाचा रकाना असेल तर किती रकमेपर्यंत तयार आहात ते लिहा. बरीच विद्यापीठं हा खर्च स्वतः उचलतात, काही तो विद्यार्थ्यावर टाकतात, तर काही ठिकाणी विभागाच्या निधीतून होतो. हे अर्जाआधी विचारायचं. पुस्तक आल्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

एका अर्जात एकच वस्तू. यादी जोडू नका.

अर्ज गेल्यावर आत काय चालतं

अर्ज आला की आम्ही आधी वर सांगितलेली सगळी तपासणी पुन्हा करतो आणि मग तो पुढे सोडतो. जगात सगळ्यात जास्त वापरली जाणारी यंत्रणा ओसीएलसीची. ही संस्था १९६७ साली अमेरिकेतल्या ओहायोमध्ये तिथल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी उभी केली. कुणाकडे कुठलं पुस्तक आहे हे दाखवणारी तिची सामाईक तालिका म्हणजे वर्ल्डकॅट. १९७९ पासून त्याच जाळ्यावर देवघेवीच्या मागण्याही जाऊ लागल्या. आम्ही पुस्तक असलेल्या ग्रंथालयांची एक क्रमवार माळ लावतो, त्यात पंधरा नावांपर्यंत घालता येतात. मागणी आधी पहिल्याकडे जाते. त्यांनी नकार दिला किंवा ठरलेल्या दिवसांत उत्तरच दिलं नाही, की ती आपोआप दुसऱ्याकडे सरकते. म्हणून तुमच्या खात्यात 'मागणी पाठवली' हे शब्द दिवसेंदिवस तसेच दिसत राहिले तरी काम थांबलेलं नसतं. एकेक दार ठोठावणं चालू असतं. तुम्ही त्यात दुसरा अर्ज टाकलात तर दोन प्रती निघतात आणि मला दोन पार्सलं परत पाठवावी लागतात.

नकाराची कारणं ठरलेली: पुस्तक कुणीतरी नेलंय, संदर्भ विभागातलं आहे, नाजूक आहे, नुकतंच आलंय, अभ्यासक्रमाला लावलेलं आहे, जागेवर सापडलं नाही. बांधलेले नियतकालिकांचे खंड आणि दुर्मिळ पुस्तकं जवळपास कुणीच बाहेर सोडत नाही. एवढं असूनही अनोळखी ग्रंथालयं एकमेकांना पुस्तकं पाठवतात, त्यामागे जुने संकेत आहेत. आंतरराष्ट्रीय देवघेवीची तत्त्वं इफ्ला या ग्रंथालयांच्या जागतिक संघटनेने १९५४ मध्येच ठरवली होती, आणि त्यांतली मुख्य गोष्ट आजही तीच आहे: पुस्तक देणाऱ्या ग्रंथालयातून निघाल्यापासून तिथे परत पोचेपर्यंत त्याची जबाबदारी मागणाऱ्या ग्रंथालयाची.

लेखांचा वेग गेल्या काही वर्षांत वाढला त्याच्या मुळाशी एक पूर आहे. जुलै १९९७ मध्ये कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात पाणी शिरलं आणि चार लाखांहून अधिक ग्रंथ, त्यांत बांधलेली नियतकालिकं मोठ्या संख्येने, भिजली. वाचकांना लेख तर रोज हवे होते. मग तिथल्या देवघेवीच्या कर्मचाऱ्यांनीच दुसऱ्या ग्रंथालयांकडून लेख झटपट मागवायची एक प्रणाली तयार केली. तीच पुढे 'रॅपिडआयएलएल' म्हणून पसरली. कुठल्या ग्रंथालयात कुठल्या वर्षाचे अंक आहेत हे तिला आधीच माहीत असतं, त्यामुळे वर्ष बरोबर लिहिलेली मागणी माणसाच्या नजरेखालून न जाताही योग्य ठिकाणी पोचते. वर्ष चुकलं की मात्र ती माझ्या टेबलावर येऊन पडते आणि मी जेवायला गेलेली असले तर तिथेच थांबते.

मराठी पुस्तकं परदेशी तालिकांत

हे थोडं वेगळं प्रकरण आहे. छापून संपलेलं जुनं मराठी पुस्तक जवळपास कुठेच नसलं तरी अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठात निघू शकतं. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाचं नवी दिल्लीतलं कार्यालय १९६२ मध्ये सुरू झालं आणि पीएल-४८० या अमेरिकी धान्यविक्रीच्या योजनेखाली भारतीय भाषांतली पुस्तकं अमेरिकेतल्या निवडक ग्रंथालयांना जाऊ लागली. शिकागो विद्यापीठासारख्या ठिकाणचे दक्षिण आशियाई संग्रह त्यातून वाढले.

पण शोधताना लोक अडतात. या नोंदी बहुतेकदा रोमन लिपीत असतात आणि लिप्यंतराची पद्धत आपल्या मोबाइलवरच्या टंकलेखनासारखी नाही. तिथे 'च' साठी फक्त 'सी' येतो आणि 'छ' साठी 'सी-एच'. म्हणजे 'चरित्र' शोधताना 'सी-एच'ने सुरुवात केलीत की शून्य निकाल. दीर्घ स्वरांवर आडवी रेघ, 'ट-ठ-ड-ढ-ण' च्या खाली टिंब अशी चिन्हं असतात, ती गाळून टाकलं तरी शोध लागतो. पण 'आ' साठी दोन 'ए' टाकू नका. सामासिक शब्द कुठे तोडलाय याचाही भरवसा नसतो. मी शीर्षकातला एकच ठळक शब्द, लेखकाचं आडनाव आणि वर्ष एवढ्यावर शोधते. आडनावाचं स्पेलिंग लेखक स्वतः इंग्रजीत जसं करायचा तसं तिथे असेलच असं नाही, तेव्हा दोन्ही तऱ्हांनी बघा. सापडलं की ओसीएलसी क्रमांक टिपून घ्या आणि अर्जात देवनागरी शीर्षकही लिहा, म्हणजे पार्सल उघडल्यावर मुखपृष्ठाशी ताळा करता येतो.

पुस्तक हातात आल्यावर

स्कॅन आलं असेल तर त्याच दिवशी उघडा. शेवटचं पान, तळटिपा, कडेला कापलेल्या ओळी बघा. फाइलची लिंक ठराविक दिवसांनी किंवा ठराविक वेळा उघडल्यावर बंद होते, आणि महिन्याने 'मधली दोन पानं नव्हती' म्हणून आलात तर मला नव्याने मागणी करावी लागते. लगेच सांगितलंत तर पलीकडचा माणूस बहुधा तेवढी पानं पाठवून मोकळा होतो.

छापील पुस्तकावर कागदी पट्टी किंवा चिठ्ठी गुंडाळलेली असते. ती काढू नका. पुस्तक कुणाचं, कधी परत करायचं, घरी न्यायचं की वाचनकक्षातच बसून वाचायचं, हे सगळं त्यावर असतं, आणि परत पाठवताना आम्हाला ती लागते. 'केवळ ग्रंथालयात वापरासाठी' असा शेरा असेल तर तो आम्ही घातलेला नाही. देणाऱ्याची अट आहे. माझ्याशी हुज्जत घालून ती बदलत नाही. चिकटचिठ्ठ्या लावू नका, त्यांचा गोंद जुन्या कागदावर राहतो. पेन्सिलच्या खुणासुद्धा नकोत.

मुदत देणारं ग्रंथालय ठरवतं. वाढवून हवी असेल तर मुदत संपायच्या चार-पाच दिवस आधी मागा, कारण आम्हाला त्यांना विचारून उत्तर आणावं लागतं. ते नाही म्हणू शकतात, आणि मध्येच पुस्तक परतही मागवू शकतात. म्हणून पुस्तक आल्या आल्या आधी हवी ती पानं वाचून टिपणं काढा. सुट्टीला किंवा क्षेत्रकार्याला जाताना असं पुस्तक सोबत नेऊ नका. उशीर झाला की दंड तुम्हाला होतोच, शिवाय ते ग्रंथालय आपल्या सगळ्यांच्याच मागण्या काही काळ रोखून धरू शकतं.

परत करताना देवघेवीच्या टेबलावर हातात द्या. बाहेरच्या परतपेटीत टाकलं की ते आपल्या पुस्तकांत मिसळतं आणि आपल्या तालिकेत त्याची नोंदच नसल्यामुळे काउंटरवरचा मुलगा ते बाजूला ठेवून देतो; तुमच्या खात्यावर ते तसंच दिसत राहतं आणि ना-देय प्रमाणपत्राच्या वेळी उगाच धावपळ होते. स्वतः पोस्टाने परस्पर पाठवायचंही धाडस करू नका. पार्सलचा विमा आणि पोचपावती आम्ही बघतो.

तेच पुस्तक पुन्हा पुन्हा लागणार असेल, किंवा तुमच्या विभागातले दोघे-तिघे तेच मागतायत असं कानावर आलं, तर आमचा फॉर्म सोडा आणि खरेदीची शिफारस भरा. तो फॉर्म त्याच संकेतस्थळावर असतो. त्यावर मार्गदर्शकांची सही लागत असेल तर ती आधी घ्या, आणि हे पुस्तक आंतरग्रंथालयीन देवघेवीतून मागवलं होतं असं खाली लिहा. खरेदी समितीपुढे यादी जाते तेव्हा मी ती ओळ वाचून दाखवते.